सोमारीबाईचा बाप्तिस्मा खोटा कसा?

सोमारीबाई. माझी आई. अपमान तिचा झाला. कधी, तर मी बारावीत होते त्या वर्षीच्या ईस्टरच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, प्रभुभोजनाच्या आधी, भर मंडळीसमोर. कुठे, तर सिंदेवाहीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून जंगलात आत गेलं की आमचं गाव लागतं, तिथल्या मातीच्या भिंतींच्या बाप्टिस्ट चॅपेलात. कोणी केला? चंद्रपूरच्या चर्चमधून गाडी करून आलेल्या पाळकसाहेबांनी. त्यांचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नाही. नाव छापलं की ते आणखी मोठे होतील, आणि या कागदावर मोठं कोण ते मी ठरवणार.

आमच्या चॅपेलात एक रीत आहे. भाकर मोडण्याआधी ज्याच्या मनात येईल तो उभा राहतो आणि मोठ्याने प्रार्थना करतो. कोणी बोलावत नाही, कोणी बसवत नाही. आई त्या दिवशी अंधार फिटायच्या वेळी मोहफुलं वेचायला गेली होती. टोपली घरात टेकवली आणि तशीच आली. लुगड्याला मोहाचा गोडसर वास. ती उभी राहिली, डोळे मिटले आणि गोंडीत सुरू झाली. तिचं सगळंच गोंडीत. रडणं गोंडीत, भांडणं गोंडीत, बकरी हाकलणं गोंडीत. 'येसू पेन' अशी तिने हाक मारली. गोंडीत पेन म्हणजे देव. एवढाच अर्थ. त्यात कुठलं गूढ नाही.

पाळकसाहेबांनी हात वर केला.

"थांबा, थांबा. काय म्हणालात?"

आईने डोळे उघडले. "येसू पेन म्हणली जी."

"पेन? कोणता? निळा की लाल?"

शहरातून त्यांच्यासोबत आलेले लोक खुर्च्यांवर बसले होते. खुर्च्याही त्यांच्याच, गाडीच्या टपावर बांधून आणलेल्या. आम्ही सतरंजीवर. खुर्च्या हसल्या. एका बाईंनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

आईला काही कळलं नाही. लिहायच्या पेनशी तिचा जन्मात संबंध आला नव्हता. ते हसले म्हणून तीही हसली. तिला वाटलं, साहेबांना प्रार्थना आवडली.

हे मी विसरत नाही. पुढचं सगळं एक वेळ विसरेन. ते तिचं हसणं विसरणार नाही.

मग चौकशी सुरू झाली. ईस्टरच्या सकाळी, उभ्या बाईची.

"बाप्तिस्मा घेताना काय सांगितलंत? विश्वास कोणावर?"

"येसू पेनावर."

"तिथेही पेनच! दिला कोणी बाप्तिस्मा?"

भिंतीला टेकून इस्तारीभाऊ बसले होते. आमच्या मंडळीचे डीकन, म्हणजे मंडळीने निवडलेले सेवक. आमच्याकडे शिकलेला, दीक्षा घेतलेला पाळक नाही. शहरातले साहेब सणावारी येतात, बाकी वर्षभर सगळं इस्तारीभाऊच बघतात. ते उठले, अंगातला सदरा खाली ओढला. "मी देल्ला जी. आपल्या बोडीत."

बोडी म्हणजे गावातलं लहान तळं. त्यात म्हशीही बसतात, हे मला माहीत आहे. येशू जिथे उतरला त्या नदीतही कोणी टाईल्स बसवल्या नव्हत्या.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले, जणू फार दुःख झालं. मग शांतपणे म्हणाले, "बाई, बसा. पेन हे तुमच्या जंगलातलं दैवत. त्याच्या नावाने पाण्यात उतरलात तर ती आंघोळ झाली. बाप्तिस्मा नाही झाला."

आंघोळ. हा शब्द त्यांनी वापरला. मी शेजारीच बसले होते, कान शाबूत होते.

भाकरीचं ताट फिरायला लागलं. आईपाशी आलं तेव्हा साहेबांनी ते वरून उचललं आणि पलीकडच्या बाईच्या हातात दिलं. आईचा हात पुढे आलेला. तो तसाच राहिला थोडा वेळ. मग तिने त्याच हाताने डोक्यावरचा पदर नीट केला, जणू त्यासाठीच हात काढला होता.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाप्टिस्ट मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावत नाहीत. माणूस कळता होतो, मंडळीसमोर उभा राहून आपल्या तोंडाने साक्ष देतो, मंडळी हात वर करून हो म्हणते, मगच त्याला पूर्ण पाण्यात बुडवतात. त्यानंतर तो सभासद. त्याला भाकर, त्याला मत. माझं अजून व्हायचं होतं, म्हणून ताट माझ्यासाठी नव्हतंच. आईसाठी होतं. मला आठवतंय तेव्हापासून होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या हातात तो तुकडा पडायचा. तो खाताना ती कोणाकडे बघायची नाही. बाकीचा महिना ती सगळ्यांची होती. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची, धानाच्या बांधीची, आमची. तेवढा तुकडा फक्त तिचा होता. तो काढून घेतला, एका शब्दासाठी.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आमचं गाव बहुतेक जुन्या धर्माचं. पेनठाण्यावर, जुन्या पेनांच्या देवस्थानावर जाणारे. माझा सख्खा मामाही त्यातलाच. बाजाराच्या दिवशी त्याने आईला भर रस्त्यात गाठलं. आमचं घरचं बोलणं गोंडीत, इथे मी ते मराठीत लिहिते.

"काय वो बाई, तुह्या विलायती पेनान तुले जेवाले नाई देल्लं म्हणे?"

"तुह्या पेनान तुले कई देल्लं? येतेस तं माह्याच घरी जेवाले."

मामा हसला. आईही हसली. पण घरी आल्यावर चुलीपुढे बसून राहिली. भात करपला तरी उठली नाही.

बघा कशी गंमत आहे. गाव म्हणतं, तू आपला पेन सोडला. शहर म्हणतं, तू तुझा पेन सोडलाच नाही. दोन्हीकडून एकाच बाईला ढकलायचं. मामाचं ढकलणं मी समजू शकते, त्यात निदान जेवायला येण्याचं नातं आहे. शहराचं ढकलणं मात्र कोट घालून आलं होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आई दाराजवळ बसली. चपला काढतात तिथे.

"माय, इथी काऊन बसली? आत चाल ना."

"ताट समोरून गेलं का बरं नाई वाटत वो. इथी बसली का येतच नाई."

मंडळीतल्या कोणी तिला हाक मारली नाही. सगळे तिच्याजवळून आत गेले. ज्यांच्या बाळंतपणाला ती रात्ररात्र बसली होती तेही गेले. मी चिडले, रडले. तेव्हा मला वाटलं, हे लोक भित्रे आहेत. ते का भित्रे आहेत हे पुढे कळलं.

बारावी झाली. मी चंद्रपूरला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले. रविवारी त्याच पाळकसाहेबांच्या चर्चमध्ये जायचे. पक्की इमारत. बाकं. पंखे. पुढे स्टेजच्या खाली निळ्या टाईल्सचा हौद, उतरायला पायऱ्या, धरायला स्टीलचा दांडा. मला कोणी हाकललं नाही, खोटं कशाला बोलू. फक्त कोणी जागा करून दिली नाही. 'तुमचं कोणतं?' असं विचारायचे. गावाचं नाव सांगितलं की 'अच्छा, जंगलातली मंडळी' म्हणून पुढे जायचे. आमच्या चॅपेलचं नाव त्यांच्या तोंडात हेच. जंगलातली मंडळी. जणू आम्ही झाडांवरून उतरून उपासनेला जातो.

आणि हे कोण? तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. छाती काढून सांगतात. आजोबा ख्रिस्ती का झाले हे विचारा, मग घसा बसतो. आजोबांना गावातल्या विहिरीवरून हाकललं होतं. सावली पडली म्हणून मारलं होतं. मिशनच्या आवारात त्यांना पहिल्यांदा कोणी 'बसा' म्हणालं. त्या एका 'बसा'वर यांच्या तीन पिढ्या शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, खुर्च्यांवर बसल्या. आणि खुर्चीवर बसल्यावर यांनी पहिलं काम कोणतं केलं? खाली कोण आहे ते बघितलं. खाली माझी आई होती.

एका रविवारी तिथे इंग्रजी गाणी चालली होती. गिटार, ड्रम. पाळकसाहेब स्वतः हात उंचावून 'गॉड, गॉड' करत होते. घामाघूम. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी खटकन जागेवर बसलं. उपासना सुटल्यावर मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"साहेब, गॉड चालतो का?"

"म्हणजे?"

"प्रार्थनेत. तुम्ही आता गॉड म्हणालात."

"अगं, गॉड म्हणजे देवच."

"पेन म्हणजे पण देवच."

तेव्हा त्यांना कळलं मी कोणाची मुलगी. ते हसले. त्यांचं एक हसू आहे, समोरच्याला लहान करायचं.

"बाळ, प्रत्येक भाषेचा एक दर्जा असतो. काही भाषा देवाच्या कामासाठी घडलेल्या असतात. काही घरात बोलायला बऱ्या."

"आणि मराठीतला देव? शेजारच्या देवळातला तोही देवच ना जी. तो शब्द तुम्ही उचलला, धुतला, वापरला. आमचाच काऊन धुतला जात नाई?"

"कॉलेजात हे शिकवतात का?"

"नाई जी. हे तुमच्याजवळच शिकली. ईस्टरला."

ते गाडीत बसले. काच वर केली.

वसतिगृहात परत येताना मला आणखी एक गोष्ट कळली, आणि मी रस्त्यातच थांबले. आईला विचारलं म्हणून तिने सांगितलं. बाकीच्यांना कोणी विचारलंच नव्हतं. इस्तारीभाऊंनी आमच्या बोडीत ज्या ज्या माणसाला बुडवलं, त्या प्रत्येकाला गोंडीतच विचारलं होतं. प्रत्येकाने पाण्यात उभं राहून हाच शब्द म्हटला होता. आईचा बाप्तिस्मा खोटा, तर चॅपेलातल्या एकूण एक माणसाचा खोटा. हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते आईजवळून मान खाली घालून जात होते. चूक तिची नव्हती. ती फक्त सापडली होती.

मी तिथेच ठरवलं, आता सगळे सापडतील.

धान कापून झालं आणि पाळकसाहेब पुन्हा आले. खुर्च्यांसकट. शहरात वार्षिक मेळा होता. त्यात आईला निळ्या टाईल्सच्या हौदात पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा, असा त्यांचा बेत होता. बॅनर लागणार, फोटो निघणार. 'जंगलातली बहीण अंधारातून प्रकाशात.' अंधार म्हणजे आमचं चॅपेल. आपल्याच मंडळीला अंधार म्हणायला यांची जीभ अडली नाही. पण बाप्टिस्टांत एक अडचण असते. कितीही मोठा साहेब असला तरी गावातल्या मंडळीचं ठरवायचं ते गावातली मंडळी ठरवते. सभासदांनी हात वर करायचे असतात. म्हणून सभा बोलावली.

आई दाराशी, चपलांजवळ. मी वसतिगृहातून आलेली, तिच्या शेजारी. साहेब बोलले बराच वेळ. प्रेम, शुद्धता, एकोपा. मग म्हणाले, "सोमारीबाईंनी शहरात येऊन योग्य रीतीने बाप्तिस्मा घ्यावा, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात वर यायला लागले. हळूहळू. एकमेकांकडे बघत. आई मातीकडे बघत होती.

मी उभी राहिले.

"तू सभासद नाहीस," साहेब म्हणाले. "खाली बस."

"म्हणूनच उभी आहो. मले बाप्तिस्मा पाहिजे. साक्ष द्यायची आहे."

साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला बसवायचं नसतं. त्यांच्याच पुस्तकातला नियम. इस्तारीभाऊंनी मान हलवली. "बोल पोरी."

मी गोंडीत साक्ष दिली. सुरुवात केली येसू पेन म्हणून, आणि शेवटही त्यावरच केला. माझा आवाज थरथरत होता. राग असला की माझा आवाज थरथरतो, लोकांना वाटतं घाबरली. मग मंडळीकडे वळले आणि मराठीत बोलले, खुर्च्यांना कळावं म्हणून.

"ज्यांनी बाप्तिस्मा घेताना पेन म्हटलं नाई, त्यांनी हात वर ठेवा."

मग एक हात खाली आला. मग दुसरा. मग सगळेच. एका म्हाताऱ्याने तर हात काखेत घातला, थंडी वाजल्यासारखा.

साहेब लाल झाले. "म्हणजे तुमच्यातल्या कोणाचाच…"

"हो जी," इस्तारीभाऊ म्हणाले. "सगळ्यांले मीच बुडवलो. एकाच शब्दान. खोटं असन तं सगळंच खोटं."

"मग सगळ्यांनाच पुन्हा घ्यावा लागेल!"

आणि तेव्हा दाराशी हालचाल झाली. आई उठली. एवढे महिने ती त्या साहेबांशी एक शब्द बोलली नव्हती.

"मी नाई येत," ती म्हणाली. "तुमच्या हौदात मी नाई उतरत. एकदा भिजली, बस झालं. आंघोळच करायची असन तं घरी पाणी आहे माह्या."

कोणीतरी फस्सकन हसलं. या वेळी सतरंजी हसली. खुर्च्या नाही.

इस्तारीभाऊंनी माझ्या साक्षीवर मत घेतलं. बरेच हात वर आले. सगळे नाही. साहेब मतं मोजून होईपर्यंत थांबले नाहीत. खुर्च्या टपावर चढवल्या, दोऱ्या आवळल्या आणि गेले. मला बोडीत बुडवलं तेव्हा आई काठावर उभी होती.

इथे थांबले तर तुम्हाला बरं वाटेल. म्हणून थांबत नाही.

शहरातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाने आमच्या चॅपेलला आपल्यातून काढलं. मंडळीतली काही घरं नंतर गुपचूप शहरात गेली, निळ्या हौदात उतरली, फोटो काढून घेतले. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही, पण त्यांना भीती कोणी घातली तेही मी विसरत नाही. आता सणाला आमच्याकडे कोणी पाळक येत नाही. लग्न लावायचा परवाना आमच्यातल्या कोणाकडे नाही. माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरून अडलं आहे. तिची सासू म्हणते, आधी शहराशी जमवून घ्या. इस्तारीभाऊ स्वतः तांदळाची भाकर मोडतात, आई आता आत बसते आणि खाते. शहराच्या लेखी ती भाकर पण खोटी आणि खाणारेही खोटे. 'त्या बाईने मंडळी फोडली' हे माझ्या आईबद्दल चंद्रपुरात अजून बोललं जातं. फोडणाऱ्याला मात्र मेळ्यात हार घालतात.

एक जण मला समजवायला आले होते. भले गृहस्थ. "शब्दच तर आहे ताई, बदलून टाका. देव म्हणा. मिटवून टाका."

मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. शब्दच आहे तर तुम्ही बदला. पुढच्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये उभे राहा आणि एकदा येसू पेन म्हणून दाखवा. जीभ जळते का बघा.

ते परत आले नाहीत.

माझं ठरलं आहे. मी येसू पेन म्हणणार. चॅपेलात म्हणणार, रस्त्यावर म्हणणार, शहरातल्या मेळ्यात समोर उभी राहून म्हणणार. परवाना काढायचं शिक्षण आमच्यातली पोरं घेतील आणि साक्ष गोंडीतच घेतील. संघाने परत घ्यावं म्हणून मी अर्ज करणार नाही. ज्याने माझ्या आईच्या बाप्तिस्म्याला आंघोळ म्हटलं, तो जोवर आमच्या सतरंजीवर बसून, खुर्ची न आणता, तिची माफी मागत नाही, तोवर त्याच्याशी आमचा सलाम नाही.

आता तुमचं. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला वाचता येतं, तुमच्यापाशी पेन आहे, आणि बहुतेक तुमच्या बुडाखाली खुर्चीही आहे. मला तुमची हळहळ नको. 'वाईट झालं' असं कळवू नका. चर्चमध्ये जात असाल, तर येत्या रविवारी उपासना सुटल्यावर, लोक चहाला पांगायच्या आत, उभे राहा आणि तुमच्या पाळकाला सगळ्यांदेखत विचारा: सोमारीबाईची माफी कधी मागता? आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.